नारळाच्या दुधाचे स्कोन

पोळ्या लाटण्यात जन्म गेलेल्या बाईने स्कोन, म्हणजे चहाबरोबर खायचे ते भुसभुशीत इंग्रजी पाव, करायला घेतले की पहिली मारामारी स्वतःच्या हातांशी होते. परातीत पीठ दिसलं की माझे तळवे आपोआप रगडायला लागतात, त्यांना सांगावं लागत नाही. आणि स्कोनचं पीठ रगडलं की वाट लागली. ते मळायचंच नसतं. बोटांच्या टोकांनी नुसतं गोळा करायचं, थोडं भुरभुरीत, थोडं ओबडधोबड राहू द्यायचं आणि हात काढून घ्यायचा. पहिल्या खेपेला मी सवयीने छान मऊसूत गोळा मळला, वर ओलं फडकं टाकून मुरायलाही ठेवला. ओव्हनमधून जे काही निघालं ते नातीने टेबलावर आपटून बघितलं आणि म्हणाली, "आजी, हे वाजतंय."

नात तेव्हा पहिलीत होती आणि शाळा सुटल्यावर संध्याकाळपर्यंत आमच्याकडे असायची. आमचं घर बोरिवली पूर्वेला, रीडेव्हलपमेंट झालेल्या बिल्डिंगमध्ये. घरात मी आणि माझा नवरा, दोघंही रिटायर. नवऱ्याला मी तोंडावर ‘अहो’ म्हणते, लोकांसमोर ‘हे’ म्हणते. इथे मात्र ‘तो’ म्हणणार आहे. राग अजून गेलेला नाही, आणि राग असताना ते अहो-जाहो मला जड जातं.

नातीला दूध चालत नाही. चालत नाही म्हणजे पोट बिघडतं, अंगावर पुरळ उठतं, एवढ्यावर भागत नाही. दुधाने तिचा घसा आतून सुजतो आणि श्वास अडकतो. तान्ही असताना वरचं दूध पहिल्यांदा चमच्याने पाजलं तेव्हा ती मुलीच्या मांडीवर निळी पडत गेली होती. तेव्हापासून दूध, दही, ताक, लोणी, खवा, चीज, तूप, सगळं बंद. बिस्किट बंद, कारण त्यात दुधाची पावडर. बेकरीतला पाव बंद, कारण वरून कशाचा हात फिरवलाय ते कोण सांगणार. लोक विचारायचे, "अगं, थोडं थोडं देऊन सवय लावायची ना?" असं विचारणाऱ्या बायकांना मी आयुष्यभरासाठी माझ्या मनातून खोडलंय, त्यात माझी सख्खी नणंदही आली.

मुलगी दहिसरला राहते, चेकनाक्याच्या अलीकडच्या नव्या टॉवरमध्ये. जावई बोटीवर असतो, वर्षातले बरेच महिने समुद्रावर. मुलीची नोकरी अंधेरीला, आणि ती नोकरी तिने मोठ्या कष्टाने मिळवलेली. नातीची शाळा सुटल्यानंतर तिला सांभाळणार कोण, हा प्रश्न होता. पाळणाघराच्या बाईंनी दुधाचं ऐकलं आणि सरळ हात जोडले. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मग राहिले आम्ही. नात आमच्याकडे राहिली तर मुलीची नोकरी राहणार होती, नाही राहिली तर जाणार होती. इतकं साधं होतं ते.

मुलगी पहिल्या दिवशी पोरीला सोडायला आली तेव्हा बूटसुद्धा न काढता दारातच उभी राहिली. म्हणाली, "आई, शंभर वेळा बरोबर केलं आणि एकदा चुकलं, असं चालणार नाही गं इथे."

"कळतं मला," मी म्हटलं. "तू जा कामाला."

मी घर बदललं. साय साठवायची, विरजण लावायचं, रविवारी लोणी काढून तूप कढवायचं, हे लग्नापासून चाललेलं सगळं बंद केलं. ताकाची रवी माळ्यावर गेली. नवऱ्याचा दुधाचा चहा सकाळी, नात यायच्या आत, आणि कप त्याचा त्यानेच घासायचा. हे त्याने मुकाट्याने मान्य केलं. खरं सांगायचं तर त्याने बरंच मान्य केलं. नातीवर त्याचा जीव होता. ती आली की तिला मांडीवर घेऊन पेपरातली चित्रं दाखवणं, तिच्या वेण्या वाकड्यातिकड्या घालणं, बसने आरे कॉलनीतून जाताना झाडांची नावं सांगणं, हे सगळं तो करायचा. आमच्या मुलीची त्याने कधी एक वेणी घातली नव्हती.

एकच गोष्ट त्याला सुटत नव्हती, ती म्हणजे तूप. त्याच्या घरात पानावर भात वाढला की त्यावर तुपाची धार पडल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही. त्याला अन्नशुद्धी म्हणतात. तूप पडलं की अन्न शुद्ध झालं, मग ते खायच्या लायकीचं. माझं माहेर मालवणकडचं, आमच्याकडे जेवणात नारळ आणि मासे, तुपाचं एवढं कौतुक नाही. लग्नानंतर सासूबाईंनी मला आधी तूप वाढायला शिकवलं, मग बाकीचं. तर नात असेपर्यंत तो दुपारी कोरडा वरणभात खायचा आणि रात्री ती गेल्यावर तुपाची बाटली कपाटातून काढायचा. तो कोरडा भात तो असा खायचा की बघणाऱ्याला वाटावं याला घरात उपाशी ठेवतात.

देवघरात मात्र निरांजन तुपाचंच. त्यासाठी एक छोटं झाकणाचं भांडं देवघरातल्या वरच्या फळीवर असायचं. मुलीने ते बघितलं होतं. "एवढं राहू दे त्यांना," ती म्हणाली होती. नातीचा हात तिथे पोचत नव्हता.

स्कोनचं खूळ नातीचंच. टॅबवरच्या कुठल्याशा कार्टूनमध्ये एक मांजरीण पाहुण्यांना चहाबरोबर स्कोन द्यायची. नातीने मला विचारलं, "आजी, हे तुला येतात?" मी म्हटलं, येत नाहीत, पण येतील. मग तिने खरं काय ते सांगितलं. तिचा वाढदिवस जवळ आला होता. वर्गात कुणाचाही वाढदिवस असला की सगळे केक खायचे आणि ही आपला डबा उघडून राजगिऱ्याचा लाडू खायची. आता तिच्या वाढदिवसाला तिला असं काहीतरी न्यायचं होतं की जे सगळे खातील आणि तीही तेच खाईल. "एकाच ताटलीतलं," ती म्हणाली. सहा वर्षांच्या पोरीची मागणी काय, तर एकाच ताटलीतलं. मला रडू आलं आणि रडू आलं की मी चिडते, म्हणून मी तिला उगाचच ओरडले की आधी हात धुऊन ये.

स्कोनमध्ये लोणी आणि दूध किंवा ताक लागतं. लोण्याऐवजी मी खोबरेल तेल घेतलं, खाण्याचं, घाण्यावरचं. ते फ्रीजमध्ये ठेवून घट्ट करायचं आणि मैद्यात बोटांनी चोळायचं, रव्यासारखं दिसेपर्यंत. आणि दुधाऐवजी नारळाचं दूध. ते मी विकतचं आणलं नाही. दुकानदाराने नारळाच्या पावडरीचं पाकीट पुढे केलं, म्हणाला, "काकी, शंभर टक्के नारळ आहे." मी चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली तर त्यात दुधाचाच एक पदार्थ. मी ते पाकीट त्याच्या काउंटरवर असं ठेवलं की तो दोन पावलं मागे सरकला. मग घरीच नारळ फोडला, खवला, कोमट पाण्यात भिजवून फडक्यातून पिळला. पहिलं दाट दूध घ्यायचं, त्यात लिंबू पिळायचं. जरा वेळाने ते फाटल्यासारखं होतं आणि ताकाचं काम करतं. हे मला कुणी शिकवलं नाही. सोलकढीत कोकमाचं आगळ ओतल्यावर नारळाचं दूध कसं वागतं ते बघत मी मोठी झालेय.

पहिला घाणा वाजला. दुसरा बसका झाला, कारण बेकिंग पावडर जुनी होती. तिसऱ्याला खोबरेलाचा इतका वास आला की नवरा म्हणाला, "केसाला लावायचे का हे?" नात हसून हसून जमिनीवर लोळली. ते दिवस चांगले होते. तिला मी मैद्यात तेल चोळायला बसवायची आणि ती ओठ मिटून, जीभ एका गालात दाबून, गणित सोडवल्यासारखी चोळायची. तिचे हात मळायला सोकावलेले नव्हते. तिचं पीठ माझ्यापेक्षा चांगलं व्हायचं, खरंच.

तिला आम्ही सगळ्यांनी एक शिकवलं होतं. कुणीही काहीही खायला दिलं, अगदी घरच्याने दिलं तरी, तोंडात घालायच्या आधी विचारायचं, यात दूध आहे का? ती मलाही विचारायची. मी भात वाढला तरी विचारायची. मी दरवेळी "नाही गं राणी" म्हणायची आणि मगच ती खायची. मुलगी म्हणायची, ही सवय हीच तिची खरी राखण.

त्या शनिवारी शाळेला सुट्टी होती आणि मुलीला ऑफिस. नात सकाळपासून आमच्याकडे. आदल्या दिवशी ताजी बेकिंग पावडर आणली होती. पीठ दोघींनी मिळून केलं, थापलं, स्टीलच्या वाटीने गोल कापले. वरून नारळाच्या दुधाचा हात फिरवला. आणि त्या दिवशी ते फुगले. कडेने थर सुटलेले दिसत होते, वर सोनेरी रंग आला. नातीने एक बोटाने दाबला, तो दबून परत वर आला. मग दुसरा दाबला, मग तिसरा, इतकी खूश होती. मी म्हटलं, "गार होऊ देत, मग खायचे. तोवर दुसरा ट्रे लावू."

नवरा तेव्हा पूजा आटोपून नैवेद्याच्या तयारीत होता. स्वयंपाकघरात येऊन त्याने विचारलं, "यात अंडं नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. मी दुसऱ्या ट्रेसाठी उरलेलं पीठ थापत होते.

"मग पहिला देवाला दाखवतो. पोरीने पहिल्यांदा केलंय."

मी हो म्हटलं असणार. यात नाही म्हणण्यासारखं काय होतं? घरात नवीन पदार्थ झाला की पहिला देवाला, हे मलाही पटतं. त्याने ताटलीत एक स्कोन घेतला, तुळशीचं पान घेतलं आणि गेला.

देवघरात त्याने काय केलं ते मला नंतर कळलं. स्कोन देवापुढे ठेवला. त्याला तो कोरडा दिसला. कोरडा नैवेद्य दाखवायचा नाही, अन्नशुद्धी झाल्याशिवाय देवाला अन्न ठेवायचं नाही, हे त्याच्या हाडात आहे. वरच्या फळीवरचं निरांजनाचं भांडं काढलं आणि स्कोनवर चमच्याने तूप सोडलं. थोडंसंच. मग तुळशीपत्र, पाणी फिरवणं, हात जोडणं, सगळं यथासांग. आणि तो प्रसाद घेऊन बाहेर आला. नात टेबलाशी पाय हलवत बसली होती. त्याने पहिला तुकडा तिच्या हातावर ठेवला.

तिने विचारलं. ते मी माझ्या कानांनी ऐकलं. "आजोबा, यात दूध आहे का?"

"नाही गं," तो म्हणाला. "थेंबभरसुद्धा नाही. तूच नाही का नारळाचं घातलंस?"

आणि तिने खाल्लं.

मी दुसरा ट्रे लावून, ओव्हनचं दार बंद करून वळले तेव्हा ती ओठ खाजवत होती. मग खोकली. मग म्हणाली, "आजी, घशात काहीतरी आहे." आवाज तिचा नव्हता, म्हातारीसारखा घोगरा. हनुवटीवर गांधी उठायला लागल्या होत्या.

मी नवऱ्याला विचारलं, "काय दिलंत?"

"प्रसाद."

"त्याच्यावर काय घातलंत?"

"तूप. नैवेद्याला घालतात ना, तेवढंच," तो म्हणाला. त्याचा चेहरा अगदी मोकळा होता, काही झालंय हे त्याला ठाऊकच नव्हतं. तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

डॉक्टरांनी इंजेक्शनची एक डबी आमच्याकडे कायम ठेवायला दिली होती. काचेची कुपी, सुई, सिरिंज, आणि किती औषध ओढायचं त्यावर चिकटपट्टीची खूण. मी मोसंबीवर पाणी टोचून सराव केला होता. मोसंबी हलत नाही. मोसंबी ओकत नाही, तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत नाही. कुपीची मान मोडताना काच माझ्या अंगठ्यात घुसली. मी नातीला जमिनीवर आडवी केली, तिचा फ्रॉक वर केला आणि मांडीत सुई खुपसली. तिने आई गं म्हटलं नाही. माझ्याकडे नुसतं बघत होती. नवरा शेजारी उभा राहून स्तोत्र पुटपुटत होता. मी त्याला म्हटलं, "तोंड बंद करा आणि खाली जाऊन रिक्षा थांबवा." इतक्या वर्षांत असं मी त्याच्याशी पहिल्यांदा बोलले.

रिक्षात तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. हायवेच्या सिग्नलला रिक्षावाल्याने हॉर्नवरचा हात काढला नाही. हॉस्पिटलात तिला माझ्या हातातून घेतलं तेव्हा तिच्या फ्रॉकवर रक्त होतं, आणि नर्स विचारायला लागली की कुठे लागलंय. मला आठवेना ते माझ्या अंगठ्याचं आहे म्हणून. आत नेऊन पुन्हा इंजेक्शन दिलं, नाकाला ऑक्सिजन लावला. मग आयसीयू. आम्ही दोघं बाहेर बाकावर.

मुलगी अंधेरीहून आली ती गळ्यात ऑफिसचं कार्ड तसंच. तिने आधी आत जाऊन पोरीला बघितलं. बाहेर आली आणि मला विचारलं, "काय खाल्लं?" मी सांगितलं. ती वडिलांकडे वळली.

"बाबा, तूप?"

आणि माझा नवरा तिथे, आयसीयूच्या दाराबाहेर, म्हणाला, "अगं, तूप म्हणजे दूध नव्हे. कढवल्यावर त्यात दूध राहतच नाही. आणि नैवेद्याचं होतं ते."

त्याला वाद घालायचा नव्हता. तो तिला समजावत होता, तिची काळजी कमी व्हावी म्हणून. हे मला तेव्हाही कळत होतं, आणि तरी मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. सगळ्या लोकांसमोर. तूप नको म्हणून तो दुपारी कोरडा भात खात होता ना? ते काय समजून खात होता? नंतर एकदा मी विचारलं तेव्हा कळलं, की ते आम्ही बायकांनी काढलेलं खूळ आहे, घरात शांतता राहावी म्हणून पाळायचं, असं तो समजत होता. दूध वाईट, हे त्याला पटलं होतं. पण तूप वाईट असेल, आणि तेही देवापुढचं, हे त्याच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. ज्याने अन्न शुद्ध होतं त्याने माणूस मरेल कसा?

मुलगी ओरडली नाही. खालच्या आवाजात म्हणाली, "तुम्ही तिला मारलं असतंत, बाबा." आणि परत आत गेली.

नात वाचली. दुसऱ्या दिवशी ऑक्सिजन काढला, आवाज थोडा थोडा आला. मी काचेबाहेर उभी होते, दार अर्धं उघडं होतं. मुलगी तिचे केस विंचरत होती. पोरगी पहिलं वाक्य बोलली ते असं, "मम्मा, मी विचारलं होतं."

"हो बाळा," मुलगी म्हणाली.

"मी खरंच विचारलं होतं."

तिला वाटत होतं की तिचीच चूक झाली, आणि ती आईला पटवत होती की नाही झाली. मी तिथून निघून जिन्यात जाऊन बसले आणि साडीचा पदर तोंडात कोंबून रडले.

घरी आल्यावर पाहिलं तर ते स्कोन टेबलावर तसेच. दुसरा ट्रे ओव्हनमध्ये कोळसा झालेला, बटण नवऱ्याने बंद केलं होतं की आपोआप बंद झालं, देव जाणे. पहिल्या ट्रेचे मात्र उत्तम होते. दुसऱ्या दिवशीही मऊ. मी एकही तोंडात घातला नाही. सगळे पिशवीत भरून कचऱ्याच्या डब्यात टाकले, आणि ज्या वाटीने ते कापले ती वाटीही टाकली.

मुलीने नोकरी सोडली. तिला मोठी जागा मिळायची होती, टीम तिच्या हाताखाली येणार होती. आता घरी बसून काहीबाही कामं करते. मी म्हटलं, "मी येते ना रोज दहिसरला, तुझ्या घरी सांभाळते तिला." ती म्हणाली, "आई, तुझ्यावर माझा राग नाही. पण तू एकटी राहत नाहीस. आणि मला आता ऑफिसात बसवणार नाही." बरोबर होतं तिचं. वाढदिवसाला वर्गात पेन्सिली वाटल्या.

नवऱ्याने तूप सोडलं. निरांजनात तेल घालायला लागला, तुपाची बाटली त्याने स्वतः खाली नेऊन टाकली. मला त्याचाही राग आला. कुणी मागितलं होतं हे? तू तूप सोडलंस म्हणून पोरीचा विश्वास परत येणार आहे का? तो बोलायचा कमी झाला. पेपर वाचायचा आणि चित्रं असलेलं पान बाजूला काढून ठेवायचा. ती पानं साठत गेली. एकदा जेवताना मध्येच म्हणाला, "मी तिच्याशी खोटं नाही बोललो गं."

"पण खरं नव्हतं ते."

"मला खरं वाटत होतं."

"तेच तर," मी म्हटलं, आणि पुढे जेवले. मला त्याची दया येत होती. दया आली की माझा राग वाढतो, हा माझा स्वभाव आहे, त्याला इलाज नाही.

बरेच महिने गेले. फोनवर नात बोलायची, माझ्याशी जास्त, त्याच्याशी "हाय आजोबा, बाय आजोबा" एवढंच. मग एकदा मुलगी म्हणाली, "रविवारी तासभर येतो. काही करू नकोस खायला." मी काही केलं नाही. चार दिवस घर घासलं. सोफ्याचे अभ्रे धुतले, पडदे धुतले, चादरी बदलल्या, फ्रीज रिकामा करून सोड्याने पुसला. नवरा रविवारी सकाळी दोनदा अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालून बसला. काढून ठेवलेली सगळी पानं त्याने टीपॉयवर रचून ठेवली होती.

नात उंच झालेली. पुढचे दोन दात पडलेले, बोलताना हवा जात होती. तिच्या पाठीवर तिची सॅक, त्यात तिचा डबा, तिची पाण्याची बाटली, आणि बसायला एक चटई. चटई तिने स्वतःच अंथरली. मी जवळ घेतलं तर आली, पण अंग चोरून. पूर्वी ती लिफ्टमधूनच आजोबांना हाका मारत यायची आणि आल्या आल्या त्याच्या मांडीवर चढायची. त्याने हात पुढे केले. ती आईच्या मागे सरकली.

"थांब," तो म्हणाला. "मी हात धुऊन येतो."

बेसिनचा नळ बराच वेळ वाजत होता. तो बाहेर आला तेव्हा शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या, हात समोर धरलेले, बोटांतून पाणी ठिबकत होतं. रुमालाला पुसले नव्हते.

"धुतले बघ. साबणाने, दोन वेळा," तो तिला म्हणाला.

नातीने त्याच्या हातांकडे नीट बघितलं. तिच्या तोंडावर राग नव्हता. आपल्यापेक्षा लहान मुलाला समजवावं तसं ती म्हणाली, "पण आजोबा, तुम्हाला कळत नाही ना, कशात दूध असतं ते."

मला वाटलं मुलगी काहीतरी बोलेल. मुलगी लादीकडे बघत राहिली. मीही काही बोलले नाही, कारण पोरगी खरं बोलत होती, आणि तिला जिवंत राहायचं असेल तर असंच वागायला हवं होतं.

तो दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसला. नातीने डबा उघडून खाल्लं, आईला शाळेतलं काहीतरी सांगितलं, माझ्याशी पत्ते खेळली. त्या दोघी जाईपर्यंत तो तिथेच होता, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून, कशालाही न लावता.